पाच घरी मागितलेलं नाव

गेल्या महिन्यात पोस्टाने एक कार्ड आलं. पिवळसर जाड कागद, कोपऱ्यात समईचं चित्र आणि मधोमध ठळक अक्षरांत 'कै. भास्कर सोनू पालशेतकर यांचे वर्षश्राद्ध'. मी कार्ड दोनदा वाचलं. भास्कर पालशेतकर नावाचा कोणीही माझ्या ओळखीचा नव्हता. मग खाली निमंत्रकाचं नाव दिसलं, दौलत पालशेतकर, हार्डवेअर स्टोअर्स, चिपळूण. ते वाचलं आणि डोक्यात सणक गेली.

दौलतच्या वडिलांचं नाव भिकू होतं. आईने ठेवलेलं, पासपोर्टावर छापलेलं, आणि सौदी अरेबियात नोकरी जाण्याची वेळ आली तरी त्याने न सोडलेलं. 'मी भास्कर नव्हे' हे वाक्य त्याने माझ्यासमोर उच्चारलं होतं, तेही अशा माणसापुढे जो त्याला त्याच आठवड्यात विमानात बसवू शकत होता. तो माणूस गेल्याला वर्ष झालं, आणि त्याच्या सख्ख्या मुलाने त्याला भास्कर करून टाकलं होतं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. येत्या मे अखेरीस एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीतून निवृत्त होतोय. सारं आयुष्य कागद जागच्या जागी लावण्यात गेलं. चुकीचा कागद आला तर त्याला उत्तर गेलंच पाहिजे, ही सवय आता सुटणार नाही. म्हणून हे लिहितोय.

१९७६ साली मी सौदीतल्या रास तनुराला गेलो. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा विस्तार चालू होता आणि आमची ठेकेदार कंपनी पाइपलाइनचं काम करत होती. मी आस्थापना विभागात होतो. माणसांच्या याद्या, हजेरी, गेटपास आणि इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, एवढं माझ्याकडे. पत्र्याच्या केबिनमध्ये बसून मी दिवसभर माणसांची नावं लिहीत असे. त्यामुळे नावांकडे माझं लक्ष असे. दुसऱ्या कोणाचं तसं असण्याचं कारण नव्हतं.

त्या पहिल्या वर्षीच्या यादीत रत्नागिरी जिल्ह्यातली एकशे ऐंशी माणसं होती. त्यांत सहा भिकू होते. चार धोंडू, तीन केरू, एक दगडू. ही नावं गरिबीतून आलेली नाहीत, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. ती आली मेलेल्या मुलांच्या मागून. ज्या बाईची मुलं एकामागून एक जात, ती पुढच्या मुलाला चांगलं नाव द्यायला घाबरे. हे मूल कोणाच्या नजरेत भरू नये, मरणाच्याही नाही, म्हणून त्याला केरात ठेवायचं, दुसरीने उचलायचं आणि आईने ते पदर पसरून मागून घ्यायचं. असं मागून घेतलेलं मूल म्हणजे भिकू. मुलगी असली तर भिकी.

१९८३ साली आमच्या यादीत त्याच जिल्ह्यातली तीनशेहून जास्त माणसं होती. भिकू एकच उरला होता.

नाव कमी का झालं, याची मला दोन कारणं दिसतात. पहिलं म्हणजे गावोगाव लस टोचणाऱ्या नर्सबाई पोचल्या, मुलं जगू लागली, आणि मागून घेण्याची गरजच राहिली नाही. हे नाव त्या कारणाने नाहीसं झालं असतं तर मी पेढे वाटले असते. पण नव्याने कोणाचं नाव भिकू ठेवलं नाही, एवढ्यावर हे थांबलं नाही. तिशी-चाळिशीतले, ज्यांच्या आयांनी खरोखर पदर पसरले होते, असे जिवंत भिकू नाहीसे झाले. मुंबईत आखाताच्या नोकऱ्या देणाऱ्या एजंटाच्या टेबलावर नाव बदलायचे फॉर्म तयारच असत. "हे काय नाव आहे? परदेशात चाललास ना?" असं तो म्हणे, आणि माणूस सही करे. आमच्याकडचा एक जण सुट्टीवर भिकू म्हणून गेला आणि नव्या पासपोर्टावर विकास होऊन परत आला. मागून कोणी "भिकू" अशी हाक मारली की मान वळे, मग आठवण झाल्यासारखा तो पुढे चालू लागे. पाठीला कोणीतरी काठी लावल्यासारखं त्याचं ते चालणं मला अजून दिसतं.

भिकू पालशेतकर मात्र भिकूच राहिला. दाभोळ खाडीच्या काठचं गाव, शिक्षण चौथी, काम पाइप वेल्डर. बुटका, रुंद खांद्यांचा, उजव्या नाकपुडीत टोचल्याची खूण. ती खूणही त्याच रिवाजातली. वेल्डिंगचा प्रत्येक सांधा झाला की वेल्डर आपला नंबर पाइपवर ठोकतो. भिकूचा नंबर एक्केचाळीस. सांध्यांचे एक्स-रे निघत. शंभरात चार-पाच सांधे फेटाळले जाणं चालायचं. एक्केचाळीस नंबरचे सांधे फेटाळले गेल्याचं मला आठवत नाही. तपासणीवाला अमेरिकन त्याला 'मिस्टर बिकू' म्हणे. पठाण, कोरियन, फिलिपिनो, सगळ्यांना ते नाव सोपं वाटे. कोणी त्यात काही वाईट आहे असं मानलं नाही.

मानलं ते आपल्या लोकांनी.

आमचे प्रकल्प अभियंता होते चारुदत्त. पुण्याचे, हुशार, कामात चोख, हे मी नाकारत नाही. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते कधी कधी कामगारांच्या मेसमध्ये चक्कर टाकत. भिकू ताट घेऊन रांगेत उभा असला की म्हणत, "काय भिकू, आज कोणाच्या दारात?"

मागचे हसत. एखादा वात्रट सूर लावी, "ओ माय, वाढा हो ऽऽ."

भिकू ताट पुढे करून म्हणे, "तुमच्याच दारात साहेब. वाढा कायतरी, पुन्य लागंल."

त्यावर आणखी हसू. मीही हसत असे. बाजूला बसलेला कादिर कधी हसत नसे. हा कादिर आमच्या बसचा ड्रायव्हर, भिकूच्या गावचा, दोघांच्या घरांमध्ये एकच गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण. तो फक्त म्हणे, "जेव रं, निवतंय."

१९७९च्या सुरुवातीला नव्या युनिटसाठी वेल्डिंगचे फोरमन नेमायचे होते. अमेरिकनाने एकच सांगितलं, एक्केचाळीस नंबर. दुसऱ्या दिवशी चारुदत्त माझ्या केबिनमध्ये आले.

"कमलाकर, पालशेतकर फोरमन होतोय. गेटपासचं पत्र आजच पाठवा. आणि हो, नाव भास्कर टाका."

"त्याने नाव बदललंय?"

"बदलेल हो. अहो, फोरमनची नावं गेटजवळच्या बोर्डावर लागतात. आपल्या कॉलनीच्या गाड्या रोज तिथून जातात. परवा आमचे चिरंजीव विचारत होते, 'बाबा, व्हॉट डझ भिकू मीन?' काय सांगायचं मी?"

"साहेब, पण इथे त्याचा अर्थ कोणाला कळतो?"

"आपल्याला कळतो ना!" चारुदत्त म्हणाले.

ते वाक्य वीस वर्षं माझ्या कानात आहे. चाळीस देशांची माणसं त्या वाळूत राबत होती. त्यांतल्या एकालाही जे नाव खुपलं नाही ते खुपलं त्याच्या गावापासून शे-दीडशे मैलांवरच्या, तीच भाषा बोलणाऱ्या माणसाला. आणि खुपलं म्हणून त्याने काय करावं? ज्याचं नाव त्याला विचारावं, एवढंही नाही. भिंतीवरचं चित्र तिरकं दिसलं की हात पुढे करून सरळ करावं, तसं एका बाईने जन्माला घातलेल्या माणसाचं नाव सरळ करून टाकलं.

इथे मी स्वतःलाही सोडणार नाही. पत्र मी टाइप केलं. इकाम्याचा नंबर बरोबर घातला, जन्मतारीख बरोबर घातली, आणि नावाच्या जागी भास्कर लिहिलं. मूळ कागद समोर उघडा होता. त्यावर भिकू लिहिलेलं मला दिसत होतं. साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, हे खरं. पण भिकूची खोली माझ्यापासून दोन मिनिटांवर होती. उठून विचारायला मला काय झालं होतं?

शनिवारी सकाळी साडेसहाला गेटवर बस थांबली. नव्या फोरमनचा नवा गेटपास भिकूने पाकिटातून पहिल्यांदाच काढला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. फोटो त्याचा, नंबर त्याचा, त्याने पुढे केला. पहारेकऱ्याने पास बघितला, इकामा बघितला, आणि विचारलं, "एश इस्मक?" म्हणजे नाव काय तुझं.

"भिकू."

पहारेकऱ्याने पासावर बोट ठेवलं. भास्कर. पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर आलं, भिकू. त्याने भिकूला बसमधून उतरवलं.

तेल बाहेर जाणाऱ्या त्या बंदरावर एकाच्या पासावर दुसऱ्याने आत शिरणं हा मोठा गुन्हा होता. पहारेकऱ्याचं काही चुकलं नाही. दुपारी एकपर्यंत भिकूला गेटच्या खोलीत बसवून ठेवलं. कादिर बस खाली करून थेट माझ्याकडे धावत आला. त्याने माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

"भाऊ, त्याच्या पासावर भास्कर कोणी लिवलाय?"

मी टाइपरायटरमधला कागद सरळ करू लागलो.

"मी काय इचारतो? भास्कर कोण हाय?"

"साहेबांनी सांगितलं होतं," मी म्हणालो.

कादिरने टेबलावरचे हात उचलले. मग म्हणाला, "माज्या आयशीला हे कळलं ना, तर ती तुम्हाला खाडीत बुडवंल." आणि निघून गेला. त्याच्या आईचा ह्यात काय संबंध, हे तेव्हा मला कळलं नाही.

दुपारी भिकूला सोडलं, पण पास जप्त झाला आणि कंपनीला ताकीद आली. तीन दिवसांत ह्या माणसाच्या नावाचा लेखी खुलासा करा, नाहीतर त्याला खलास, म्हणजे परवाना रद्द आणि मायदेशी रवाना. खुलासा दोन तऱ्हांनी होऊ शकत होता. कंपनीने लिहून द्यायचं की नाव आम्ही चुकीचं कळवलं. तसं केलं तर चारुदत्तांच्या आणि माझ्या नावावर ठपका. नाहीतर भिकूने सही करून द्यायची की माझं खरं नाव भास्कर, भिकू हे घरचं टोपणनाव, आणि वकिलातीतून कागद बदलून घेईन.

चारुदत्तांनी अर्थात दुसरा रस्ता काढला. मला समोर बसवून मसुदा टाइप करून घेतला आणि भिकूला बोलावलं.

"हे बघ, सही कर. उद्यापासून फोरमन. एवढंसं काम आहे."

"काय लिवलंय ह्याच्यात साहेब?"

"तुझं नाव भास्कर आहे असं."

"पन न्हाय ना."

"नव्हतं. आता आहे. अरे, किती लोकांनी बदललं! आयुष्यभर भिकू राहायचंय तुला?"

"व्हय," भिकू म्हणाला. "आत्तापातूर ऱ्हायलो की."

"लोक हसतात तुला."

"तुम्ही हसता," भिकू म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "लोक त्याच्यामागनं हसतात."

चारुदत्तांचा चेहरा लाल झाला. "मग घरी जा! गावात बसून मासे मार! मी तुझ्या भल्यासाठी करतोय आणि तू मला..." असं ते बरंच बोलले. भिकू उभा राहून ऐकत होता. शेवटी त्याने कागदाची घडी न घालता तो टेबलावर सरळ ठेवला आणि म्हणाला, "मी भास्कर नव्हे साहेब." आणि गेला.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. तो कादिरबरोबर बाहेर सिमेंटच्या कट्ट्यावर चहा पीत होता. मी म्हणालो, "भिकू, माझं चुकलं. पण आता सही करून टाक. मागाहून बघू. घरी शालनवहिनी, पोरगा, म्हातारी आहे. परत गेलास तर काय करशील?"

त्याने माझ्यासाठी कप धुऊन आणला. मग म्हणाला, "भाऊ, माज्या आधी चार गेली. दोघं सटवीच्या दिसाला गेली, एक वर्साचा हून, आन एक चालाया लागलेली. बायजा तिचं नाव. मी पाचवा. सुइनीनं मना सुपात घातला आन दारच्या केरावर नेऊन ठेवला. ह्याच्या आयशीनं, हलिमाचाचीनं, उचलला. माजी आय बाळंतीन, धड उभी ऱ्हात नव्हती. ती गडग्यापातूर गेली, पदर पसरला, म्हनली, हलिमा, भीक घाल."

"माजी आय सांगते," कादिर म्हणाला, "की तिला द्यावासाच वाटना. तीन महिन्यांचा मी होतो, म्हनून दिला." दोघं हसले.

"मंग आय आनखी चार घरी गेली," भिकू म्हणाला. "जुनं लुगडं, फाटकं धोतर, जे घातलं ते घेतलं. त्याची कुंची शिवली. पाच घरच्या चिंध्या. ती कुंची अजून हाय तिच्या पेटीत. आता मी तिला सांगू, की तू मागितलंस ते मना नको? मना त्या साहेबाचं घाल?" त्याने आपला कप कट्ट्यावर ठेवला. "मना भ्या वाटतं म्हनून न्हाय, भाऊ. पन मागून आनलेलं परत कसं करायचं?"

मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होतो आणि तिथवर त्याला अरे-तुरे करत होतो. परत येताना मला त्याचीही लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी प्रकरण प्रशासन व्यवस्थापकांकडे गेलं. हे गृहस्थ इजिप्तचे, साठीच्या आसपासचे, जाड चष्म्याचे. सगळे त्यांना मिस्टर शहाता म्हणत. कडक माणूस. त्यांच्या सहीशिवाय कोणी सुट्टीवर जात नसे. चारुदत्त आधी आत जाऊन आले होते. मला आणि भिकूला बोलावलं, मला दुभाषी म्हणून.

"हा माणूस सही का करत नाही?" शहातांनी इंग्रजीत विचारलं. "इंजिनिअर म्हणतात, ह्याच्या नावाचा अर्थ वाईट आहे आणि ते ह्याला चांगलं नाव देत आहेत. मग हा नोकरी सोडायला तयार आहे, पण नाव सोडत नाही. का?"

चारुदत्त म्हणाले, "सर, इग्नोरन्स. खेडवळ अंधश्रद्धा."

त्या शब्दाने माझ्यातला कारकून बाजूला झाला. मी आधी सांगून टाकलं की पत्र मी टाइप केलं, साहेबांच्या सांगण्यावरून, आणि ह्या माणसाला न विचारता. चारुदत्त माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांच्या खिशात हात घातला आहे. मग मी सुपाची, केराची, हलिमाची आणि पाच घरांची हकिगत सांगितली. जमेल तशा इंग्रजीत. भीक ह्या शब्दापाशी मी अडखळलो आणि हाताने पदर पसरून दाखवला.

 शहातांनी चष्मा काढला. टेबलावर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती, तोंड पाहुण्यांकडे. ती रोज बघूनही मी कधी विचार केला नव्हता.

"किती घरं म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"पाच, सर."

"माझी आई सात घरी गेली," शहाता म्हणाले. "माझ्या आधी तिघं गेले होते. आमच्या गावात अशा मुलाला शहाता म्हणतात. भीक मागून आणलेला. मी ह्या नावाने शाळेत गेलो, ह्या नावाने विद्यापीठात गेलो, सैन्यात गेलो." त्यांनी चारुदत्तांकडे पाहिलं. "तुम्ही दोन वर्षं ह्या नावाला 'गुड मॉर्निंग सर' म्हणताय."



मी भिकूला मराठीत सांगितलं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मी चेष्टा करत नाही ना म्हणून. मग म्हणाला, "सात घरं? गाव मोठं आसंल त्यांचं."

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर शहाता टेबलावर हात मारून हसले. तो कडक माणूस हसू शकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि अरबी पद्धतीने भिकूच्या खांद्यावर खांदा टेकवला. भिकूला काय करावं कळेना. तो वाकून त्यांच्या पाया पडला.

कंपनीच्या चुकीचं पत्र त्याच दुपारी गेलं. चौथ्या दिवशी भिकूला पास मिळाला, भिकू नावाचा.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख कशाला लिहिला असता? ठपका माझ्या नावावर आला, तो रास्त होता. चारुदत्तांच्या नावावर काही आलं नाही. आणि महिन्याभरात फोरमनची नवी यादी निघाली, तीत भिकू नव्हता. 'शिस्तीच्या कारणास्तव' दुसऱ्या कोणाची, मोहन नावाच्या माणसाची शिफारस झाली होती. शहाता तेव्हा सुट्टीवर होते. परत आल्यावर त्यांनी विचारलं, पण नेमणूक होऊन गेली होती आणि शिफारस करण्याचा हक्क इंजिनिअरचा. मोहन बरा माणूस होता. त्याचे सांधे फेटाळले गेले की तो संध्याकाळी भिकूकडे यायचा आणि भिकू ते दुरुस्त करून द्यायचा, त्यावर आपला एक्केचाळीस नंबर न ठोकता.

बोर्डावर एक नाव लागू नये म्हणून एवढं सगळं! कॉलनीतल्या गाड्यांना ते दिसू नये म्हणून! मी त्या बोर्डासमोरून पुढे पाच वर्षं गेलो. तो वाचायला एकही गाडी कधी थांबली नाही.

भिकू आणखी सात वर्षं वेल्डर म्हणून राहिला. तेलाचे भाव कोसळले आणि कामं आटली, तेव्हा शहाऐंशी साली तो परत आला. त्याला ह्या गोष्टीचं दुःख असलं तर मला दिसलं नाही. मला आहे. एका चांगल्या कारागिराच्या जागेवर आम्ही शिकलेल्यांनी आमची लाज बसवली.

आणि आता हे कार्ड.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी चिपळूणला दौलतच्या दुकानात गेलो. कार्ड काउंटरवर ठेवलं. "हे कोण?"

तो समजला. "काका, बसा ना. चहा सांगतो."

"चहा नको. हे कोण, ते सांग."

"काका, तुम्हाला माहितीय ना. कार्ड चारशे लोकांकडे जातं. बिल्डर, डीलर. माझ्या मुलीच्या शाळेत झाडावर आजोबांचं नाव लिहायला सांगितलं होतं, कुटुंबाचं झाड. पोरं हसली तिला. रडत आली."

"मग तू तिला पाच घरांची गोष्ट सांगितलीस?"

 तो थोडा चिडून म्हणाला, "तुम्ही तरी तुमच्या मुलाचं नाव भिकू ठेवलंत का?"

प्रश्न बरोबर होता. माझ्या मुलाचं नाव हरिहर. मी म्हणालो, "माझं एकही मूल गेलं नाही रे. तुझ्या आजीची चार गेली. भिकू नाव तू कोणाचं ठेवू नकोस. पण तिने मागून आणलेलं खोडायला तू कोण?"

"छापून झालंय काका," दौलत म्हणाला.

मी तसाच उठलो. श्राद्धाला जायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी मात्र पहिल्या एसटीने खाडीकाठच्या त्या गावी गेलो. कादिर आधीच आलेला होता, काठी टेकत, पडवीत खुर्चीवर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. आतून पिंडाच्या भाताचा वास येत होता. दौलत सोवळं नेसून पाटावर बसला होता. भटजी चिपळूणहून आलेले, त्यांना घराची माहिती नव्हती. त्यांनी दर्भ त्याच्या बोटात घातला, हातावर पाणी सोडलं आणि विचारलं, "वडिलांचं नाव?"

"भास्कर," दौलत म्हणाला.

भटजींनी मंत्राला सुरुवात केली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून शालनवहिनी बाहेर आल्या. हाताला पीठ होतं.

"थांबा हो भटजी," त्या म्हणाल्या. "भास्कर कोन?"

"आई, आत जा," दौलत हळूच म्हणाला.

"कोन भास्कर? ह्या घरात त्या नावाचं मानूस कधी जेवलं न्हाय. आज त्याला कशाला वाढताव?" आणि भटजींकडे वळून, "त्यांचं नाव भिकू. तेच घ्या. न्हायतर हे त्यांना पोचायचं न्हाय."

भटजींनी मुलाकडे बघितलं. "नाव बरोबर हवं बरं का. दुसऱ्याच्या नावाने दिलेलं लागत नाही." ते वैतागलेही होते. त्यांना पुढे आणखी दोन घरं करायची होती.

पडवीत बिल्डर आणि डीलर बसले होते. कोणी हसलं नाही. कादिरने काठी जमिनीवर आपटली, एकदाच.

दौलतच्या ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं होतं. भटजींनी पुन्हा पाणी सोडलं आणि विचारलं, "वडिलांचं नाव?"

"भिकू," तो म्हणाला. अगदी हळू.

"मोठ्याने म्हण रं," कादिर बाहेरून म्हणाला. "माज्या आयशीनं उचललेला हाय तो."

दौलतने मोठ्याने म्हटलं.